अडकलेलं टपाल

परवा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला, तो चेहरा पाडूनच. म्हणाला, "सर, त्यांनी मला वाळीत टाकलं!" हा मुलगा नोकरी सांभाळून, केवळ हौसेनं, मुक्त सॉफ्टवेअर रचणाऱ्या एका मंडळीबरोबर काम करतो. ही मंडळी जगभर पांगलेली. त्यांचा सारा व्यवहार टपालयादीवर, म्हणजे मेलिंग लिस्टवर, चालतो. यादीला एक ई-पत्र धाडलं की ते सर्व सभासदांना पोचतं. याला मात्र दीड महिना एकही पत्र आलं नव्हतं. रागाच्या भरात राजीनामा लिहून तयार होता.

मी म्हटलं, "यादीचं दप्तर सर्वांना खुलं आहे ना? आधी ते पाहू." पाहतो तो काय, त्याच्या शेवटच्या पत्राला तिघांनी उत्तरं दिली होती, एकानं तर आभार मानले होते!

मग घोटाळा कुठं झाला? त्याच्या कचेरीचा सर्व्हर यादीची पत्रं दारातूनच परत लावत होता. अशा याद्या पुष्कळदा मेलमन नावाची प्रणाली सांभाळते. पत्र परत आलं की ती सभासदाच्या नावावर दिवसाला फार तर एक गुण मांडते. सामान्यतः पाच गुण भरले की टपाल थांबवते, आठवड्याच्या अंतरानं तीन सूचना पाठवते आणि शेवटी नाव कमी करते. पण त्या सूचनाही त्याच बंद दारावर आपटणार!

कधी एकाचं करणं दुसऱ्याला भोवतं. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं जाहीर केलं की, आमच्या पत्त्याचं पत्र खरोखर आमचंच आहे असं पटलं नाही, तर ते नाकारा. यादी तर पत्र स्वतःच्या सर्व्हरवरून धाडते, वर विषयात आपलं नाव जोडते, तळाशी ओळी घालते. मूळची सही जुळेना. लिही याहूवाला, पत्र परत येई दुसऱ्याकडून, आणि टपाल थांबे ते त्या दुसऱ्याचंच! पुढं त्याच वर्षी मेलमनमध्ये फक्त अशा पत्त्यांची पत्रं यादीच्या नावानं धाडण्याची सोय झाली.

तेव्हा पत्र परत आलं तर त्यावरचा तीन आकडी शेरा वाचावा. चारनं सुरू होणारा असेल तर अडचण तात्पुरती. पाचनं असेल तर कायमची. मग दुसऱ्या पत्त्यावरून यादीच्या चालकांना तारीख, वेळ आणि तो शेरा जसाच्या तसा कळवावा. खरोखरच बंदी असेल, तर कोणता नियम मोडला ते शांतपणे विचारावं. खोट्या नावानं मागच्या दारानं शिरू नये. आणि चालकांनीही बंदीचं कारण व मुदत स्पष्ट सांगावी. फुकट राबणाऱ्या माणसाचा तेवढा हक्क आहेच.

माझ्या विद्यार्थ्यानं पत्ता बदलला, राजीनामा फाडला. यंत्राच्या मौनाला माणसाचा अबोला समजून, श्रोते हो, आपणही किती राजीनामे लिहून ठेवतो!