वीजकेंद्रांचा सातबारा



आजचा विषय वीजकेंद्रांच्या आकड्यांचा आहे. तो रूक्ष वाटेल खरा. परंतु बोर्ली पंचतनात ज्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, त्यांना तो सातबाराच्या दाखल्याने चटकन उमगेल. आजोबा वारले, वाटण्या झाल्या, पण फेरफाराची नोंद कोणी केलीच नाही, तर उताऱ्यावर आजोबाच मालक राहतात. असा उतारा खोटा नसतो, जुना असतो. आणि त्यावर विसंबून व्यवहार करणारा फसतो.

पुढील वीस वर्षांत राज्याला किती वीज लागेल आणि ती कोठून येईल, याचे गणित हल्ली संगणकावर मांडतात. त्या गणिताचा पाया म्हणजे केंद्रांची यादी: नाव, गाव, इंधन आणि क्षमता. ही यादीच जुनी असली तर?

आपल्याच जिल्ह्यातील उरणचे वायू-वीजकेंद्र घ्या. जुन्या यादीत त्याची क्षमता ८५२ मेगावॉट. साठ-साठ मेगावॉटचे जुने संच बाद झाल्यावर ती ६७२ राहिली. जुना आकडा धरणारा १८० मेगावॉट हवेतून आणतो. उलट भिरा येथे टाटांचे जलविद्युतकेंद्र १९२७ पासून चालू आहे. तेथे १९९०च्या दशकात १५० मेगावॉटचा उदंचन संच आला. तो खालचे पाणी पुन्हा वर चढवू शकतो, आणि चढवताना वीज खातो. त्याची नोंद वेगळ्या रकान्यातच हवी.

तिसरा घोटाळा नावांचा. दाभोळचा म्हणून गाजलेला प्रकल्प दाभोळात नाही. तो खाडीच्या अलीकडे नव्हे, पलीकडे, गुहागर तालुक्यातील अंजनवेलला आहे. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये काम थांबले, २००५ मध्ये ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही नवी कंपनी आली. तेव्हा एकच केंद्र एका यादीत दाभोळ आणि दुसरीत रत्नागिरी. दोन्ही याद्या डोळे मिटून जोडल्या, की १,९६७ मेगावॉट दोनदा मोजले जातात!

बरे, क्षमता म्हणजे वीज नव्हे. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट. परंतु पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. मोट मोठी असली तरी विहिरीत पाणी हवे.

वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने २०१८ साली जगातील वीजकेंद्रांची यादी सर्वांना खुली केली. मोठे उपकाराचे काम! पण २०२१ नंतर तिची नवी आवृत्ती निघाली नाही, आणि तरीही ती वापरात राहिली. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरमहा स्थापित क्षमतेचे आकडे प्रसिद्ध करते. तेव्हा उपाय साधा आहे. नोंद केंद्राची नव्हे, प्रत्येक संचाची करावी. तिच्यापुढे तारीख आणि आधार लिहावा. बाद संच खोडून न टाकता ‘बाद’ म्हणून ठेवावा. फेरफारात जुना मालक दिसतो, तसा.

हे सारे तज्ज्ञांचे काम, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. यादीत वीज जास्त धरली, तर ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडतात. भारनियमन आपण भोगलेले आहे. कमी धरली, तर नको असलेले केंद्र उभे राहते आणि त्याचा खर्च बिलातून आपणच भरतो. म्हणून कोणी मेगावॉटचा आकडा सांगितला, तर एवढेच विचारा: हा उतारा कोणत्या तारखेचा?