लाकूड कोरणाऱ्या लहान सी.एन.सी. यंत्राची निगा व सुधारणा

(फुलचूर, जि. गोंदिया येथील खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझा विषय कृषिविद्या. पऱ्हे किती दिवसांचे असावेत, रोवणी किती अंतरावर करावी, नत्र किती हप्त्यांत द्यावे, हे सांगण्यासाठी मी नेहमी आपल्यापुढे येतो. परंतु मागील मेळाव्यात चहाच्या वेळी माझ्या घरच्या कोरीवकामाच्या यंत्राचा विषय निघाला. येथे बसलेल्या दोन-तीन तरुण शेतकऱ्यांकडेही तसेच यंत्र असल्याचे तेव्हा समजले. धान निघाल्यानंतर हाताला जो रिकामा वेळ मिळतो त्यात नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याची जाळी, दाराच्या फळीवरील नक्षी असे काम ही मंडळी करतात. तिघांचीही तक्रार एकच होती : काम सुबक येत नाही, तेव्हा मोठी मोटर बसवावी काय? आजचे बोलणे मुख्यतः या एका प्रश्नावर आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकाने दिलेल्या आकड्यांनुसार कापणारे हत्यार आडवे, उभे आणि खाली-वर अशा तीन दिशांनी फिरते. आकड्यांवर चालणारे असे पहिले यंत्र अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९५२ साली दाखविण्यात आले. ते खोलीएवढे अवाढव्य होते व छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर चालत असे. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. त्याच आश्रमात २००२ साली एम.आय.टी.च्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे संगणकचलित यंत्रांची कार्यशाळा उभी राहिली. खेड्यातील मुलांनी अशी यंत्रे हाताळावीत, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. हल्ली छंदासाठी मिळणारे ३०१८ नावाचे यंत्र ३० सें.मी. लांब व १८ सें.मी. रुंद जागेत काम करते. टेबलावर मावते.

आता माझी चूक सांगतो. वडिलांनी बांधीच्या धुऱ्यावर लावलेले सागाचे एक झाड वादळात पडले. रीतसर परवानगी घेऊन त्याच्या फळ्या काढल्या. वडील गेल्यानंतर त्यातील एका चांगल्या फळीवर देव्हाऱ्याची नक्षी कोरावयास घेतली. वर्तुळे अंड्यासारखी येऊ लागली. मोटर कमी पडते असे मी गृहीत धरले आणि सात हजार रुपये खर्चून जड व जास्त ताकदीचा स्पिंडल बसविला. त्याच्या वजनाने पुढचा भाग थरथरू लागला, दोन बिटे मोडली आणि फळीच्या मधोमध बोटभर खोल चर पडला. खरे कारण दीड महिन्यानंतर सापडले. मोटर आणि आट्यांचा दांडा यांना जोडणाऱ्या कपलिंगमधील एक बारीक स्क्रू ढिला झाला होता. दिशा बदलली की मोटर थोडी फिरे, पण दांडा जागेवरच राही. तो स्क्रू दोन रुपयांचा. फळी मात्र परत मिळणारी नव्हती.

आपल्या गोंदियात राईस मिलवाल्याला हे सांगावे लागत नाही. कणीचे प्रमाण वाढले तर तो नवी मोटर आणावयास धावत नाही. आधी रबर रोल किती झिजले व त्यांतील अंतर किती आहे ते पाहतो, धानातील ओलावा तपासतो. कोरीव यंत्रातही हाच क्रम ठेवावा.

तपासणी हाताने सुरू करावी. यंत्र बंद करून स्पिंडलचा भाग बोटांनी धरावा व तिन्ही दिशांनी हलवून पाहावा. 'कट' असा आवाज आला किंवा खेळ जाणवला तर कपलिंगचे स्क्रू, आट्यांच्या दांड्यावरील नट आणि बेअरिंग या क्रमाने पाहावे. स्क्रूला आटे पकडून ठेवणाऱ्या द्रवाचा एक थेंब लावावा, म्हणजे थरथरीने तो सुटत नाही. प्लास्टिकचा नट झिजला असल्यास बदलावा. तो स्वस्त असतो.

काटकोन तपासण्यासाठी १५० मि.मी. बाजूचा चौकोन कापून दोन्ही कर्ण मोजावेत. ते प्रत्येकी सुमारे २१२ मि.मी. आले पाहिजेत. एक कर्ण मोठा आणि दुसरा लहान आला तर सांगाडा तिरपा आहे असे समजावे. घराचा पाया आखताना आपण ३-४-५ चा गुण्या लावतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

मापाच्या आकड्याबाबत एक सूचना. बहुतेक स्टेपर मोटरी एका फेऱ्यात २०० पावले टाकतात. नियंत्रक प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, म्हणजे ३२०० भाग होतात. दांडा एका फेऱ्यात ४ मि.मी. सरकवीत असेल तर एका मि.मी.ला ८०० भाग पडतात. हा आकडा यंत्राच्या घडणीतूनच येतो. १५० मि.मी. सांगून १४८ आले तर बरेच जण हा आकडा वाढवून मोकळे होतात. मीही तेच केले होते. आट्यांच्या दांड्याच्या यंत्रात एवढा फरक पडला तर कोठेतरी काही घसरते आहे किंवा ढिले आहे, हे नक्की समजावे व आधी ते शोधावे. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रात पट्टा थोडा ताणला जातो, तेथे आकड्यात किरकोळ दुरुस्ती चालते.

वंगणाबाबत आपल्या सवयी ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरच्या आहेत. ग्रीस भरपूर लावले की आपल्याला बरे वाटते. लाकडाच्या यंत्रात उघड्या दांड्यावर जाड ग्रीस लावू नये. त्यात भुसा बसून लेप तयार होतो आणि तो पॉलिश पेपरासारखा नट झिजवितो. दांडा ब्रशने साफ करून पातळ मशीन ऑइलचा हात फिरवावा व फडक्याने पुसून घ्यावा. नुसते पुसलेले तेल पुरते. भुसा हवेच्या झोताने उडवू नये, तो बेअरिंगमध्ये शिरतो. ब्रश आणि व्हॅक्यूम वापरावा.

बिट बसविताना कॉलेट आतून स्वच्छ करावे. आत भुशाचा एक कण राहिला तरी बिट डोलत फिरते. कॉलेट आधी नटमध्ये दाबून 'टक' असे बसवावे, नंतर नट स्पिंडलला लावावा. उलट केल्यास ते नीट बसत नाही.

यंत्र सावकाश चालविले म्हणजे काम चांगले होते, हाही एक गैरसमज आहे. दोन धारांचे बिट मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल आणि प्रत्येक धारेने ०.०५ मि.मी. लाकूड काढावयाचे असेल तर वेग मिनिटाला १००० मि.मी. येतो. वेग याहून फारच कमी ठेवला तर धार लाकूड कापण्याऐवजी घासते, लाकूड काळे पडते आणि बिट बोथट होते. रंध्यातून निघतो तसा बारीक कीस पडला पाहिजे. पिठासारखी धूळ पडू लागली की काहीतरी चुकते आहे. या वेगाला लहान यंत्र थरथरत असेल तर वेगाऐवजी खोली कमी करावी.

विजेचा प्रश्न आपल्याला ठाऊकच आहे. काम अर्धे झाले असता वीज गेली की यंत्र आपली जागा विसरते. त्यासाठी टोकाला थांबण्याचे स्विच बसवावेत. या सर्व सुधारणांत ही स्वस्त आणि माझ्या मते पहिली. वीज आल्यावर यंत्र टोकाला जाऊन आपली जागा पुन्हा शोधते. अर्थिंग पक्के असावे. व्हॅक्यूमच्या प्लास्टिक नळीत स्थिर वीज साठते व तिच्यामुळेही यंत्र मध्येच थांबते.

दुसरी सुधारणा भुसा ओढून घेण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची नोंद माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. सागाच्या धुळीने अंगाला खाजही सुटते. घरात लहान मुले असतात, तेव्हा हा खर्च टाळू नये. चष्मा व मास्क वापरावा. सैल बाही, ओढणी किंवा हातमोजे फिरत्या बिटाजवळ नेऊ नयेत. यंत्र चालू ठेवून बांधीवर पाणी पाहावयास जाऊ नये. बोथट बिटाने भुसा पेटू शकतो.

तिसरी सुधारणा मजबुतीची. येथे एक हिशेब उपयोगी पडतो. दांड्याची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच भाराने तो आठपट वाकतो. जाडी १० मि.मी. ऐवजी १२ मि.मी. घेतली तर ताठपणा दुपटीहून थोडा जास्त होतो. म्हणून 'लांब दांडे बसवून यंत्र मोठे करा' असे कोणी सांगितले तर आधी जाडी विचारावी. प्लास्टिकचे कोन काढून धातूचे बसविणेही फायद्याचे आहे. एवढे झाल्यावरच मोठा स्पिंडल घ्यावा. नियंत्रक बदलण्याची गरज बहुतेकांना पडतच नाही.

आता पावसाळ्याविषयी. आपली यंत्रे बिघडतात ती बहुधा वापराने नव्हे, तर जून ते ऑक्टोबर कोपऱ्यात पडून. पऱ्हे टाकले की कोणी तिकडे फिरकत नाही. मृगापूर्वी भुसा पूर्ण काढावा, कारण तो ओल धरून ठेवतो. दांड्यांना तेलाचा हात द्यावा, बिटे तेलाच्या फडक्यात गुंडाळावीत. धानाच्या घरात उंदीर असतातच आणि वायरी त्यांना फार आवडतात. यंत्र झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवावे. पंधरा दिवसांतून एकदा, भरपावसातसुद्धा, दहा मिनिटे तिन्ही दिशांनी चालवावे. खालची एम.डी.एफ. फळी ओलीने फुगते, ती दिवाळीनंतर यंत्रानेच सपाट करून घ्यावी.

लाकूडही फुगते, आणि ते रेषांच्या आडव्या दिशेने जास्त. मे महिन्यात घट्ट बसविलेली फळी श्रावणात चौकट फाकविते, म्हणून बाजूला सूतभर जागा सोडावी. ताज्या फळ्या उन्हात न टाकता सावलीत, मध्ये पट्ट्या देऊन रचाव्यात. शिकण्यासाठी शिवण चांगले. ते मऊ असते आणि वाळल्यावर फारसे वाकत नाही. ऐन टणक आहे, लहान यंत्राने त्याच्या वाटेला जाऊ नये.

माझ्या त्या फळीचा एका बाजूचा हातभर तुकडा शाबूत राहिला. त्याची देव्हाऱ्यापुरती लहान चौकट गेल्या हिवाळ्यात जुन्याच मोटरवर कोरली.

यंत्र येथे टेबलावर आणले आहे. तीन कपलिंगपैकी एकाचा स्क्रू मी मुद्दाम ढिला करून ठेवला आहे. शिवणीच्या फळीवर एक वर्तुळ कोरून पाहू. नंतर ज्यांच्याकडे यंत्र आहे त्या तिघांनी पुढे यावे आणि कोणता स्क्रू ढिला आहे ते हाताने शोधून काढावे.