भजनात अंगावर काटा का येतो?

(जीर्णोद्धार सोहळ्यात ऊर्जानगर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळात भजन रंगात येते, लय चढते, टाळ एका ठेक्यात पडू लागतात आणि एखाद्याच्या अंगावर सर्रकन काटा येतो. कुणाचा कंठ दाटतो, कुणाचे डोळे भरतात. शेजारचा माणूस मात्र शांत बसून असतो. मग कुजबुज सुरू होते. रडणारा खरा भक्त, दुसरा कोरडा. किंवा रडणाराच ढोंगी! हे दोन्ही निवाडे घाईचे आहेत.

भरताच्या नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. कीर्तनातून अष्टसात्त्विक भाव म्हणून कानी पडतात ते हेच. अंगावरील केसांच्या मुळाशी बारीक स्नायू असतो. थंडीने वा भीतीने तो आकसतो व केस उभा राहतो; सुरांनीही तेच घडते.

कॅनडातील मॉन्ट्रियल येथे २००१ साली ब्लड व झाटोरे या संशोधकांनी काही जणांना त्यांच्याच आवडीचे, शहारा आणणारे संगीत ऐकवून त्यांचा मेंदू तपासला. ठोके आणि श्वास बदलले. अन्नाच्या सुखाने मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच जागे झाले. २०११ साली तेथेच आढळले की, आवडता भाग येण्यापूर्वी, नुसत्या ओढीनेच मेंदूत डोपामीन हे द्रव्य स्रवू लागते. अंतरा संपून ध्रुपदाकडे वळताना भजनी मंडळी पुढे झुकतात, ती हीच ओढ.

ही ओढ सवयीतून वाढते. वीज केंद्रामुळे ऊर्जानगरात अनेक जिल्ह्यांची कुटुंबे आली. कुणाला खंजिरी हलवते, कुणाला पखवाज, तर कुणाला गोंडी ढोल. शिवाय २०१४ साली बार्सिलोना येथील संशोधकांनी अशी निरोगी माणसे दाखवून दिली, ज्यांना इतर सुखे कळतात, सूरही कळतात, पण संगीताने आनंद होत नाही. तेव्हा ज्याचे डोळे ओले होत नाहीत, त्याला अभक्त म्हणणे हा अन्याय होय.

मग भजनाची कसोटी कोणती? त्याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. चिमूरजवळच्या रामदेगीच्या रानात ज्यांनी साधना केली, त्या तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने हजारो माणसे भारली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटले. गोळीबारात माणसे पडली, सरकारी अधिकारीही मारले गेले. त्याच महिन्यात महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. बंदुका बाळगणाऱ्या सरकारला एका खंजिरीचे भय वाटले, एवढे सामर्थ्य सुरांत असते!

आणि म्हणूनच जबाबदारीही असते. लय चढली की मन उघडते. उघड्या मनात द्वेषही शिरू शकतो आणि सेवाभावही. महाराजांनी पुढे तेच भारलेले मन ग्रामसफाईकडे, सामुदायिक प्रार्थनेकडे वळविले. ग्रामगीतेत ‘भजन प्रभाव’ हा स्वतंत्र अध्यायच आहे.

नव्या सभामंडपात भजन रंगावे, काटा येवो वा न येवो. तेथून उठलेला माणूस आजारी शेजाऱ्याच्या दारी गेला, तुटलेल्या भावाशी बोलला, तर ते भजन देवापर्यंत पोचले असे समजावे.