नाकेदाराच्या गावात



पंखे अजून फिरताहेत. त्याबद्दल आधी देवाचे, मग जनरेटरवाल्याचे आभार.

आमच्या कनेरगावाच्या नावात हा 'नाका' कसला, असं काल एका पाहुण्यांनी विचारलं. वेळ थोडा आहे, तरी सांगतोच. निजामाच्या काळी अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड आणि मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. अलीकडे निजामाचा हाली शिक्का, पलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया. वाशीमच्या बाजाराला निघालेली गाडी नाकेदारानं मान हलवल्याशिवाय पुढे सरकत नसे. १९४७-४८ च्या निजामाविरुद्धच्या लढ्यात हद्दीवरचे असे नाके तरुणांच्या डोळ्यांत सलत होते. मग संस्थान विलीन झालं, करोडगिरी उठली, नाकेदार गेला. गावाला नाव देऊन गेलेल्या त्या माणसाचं स्वतःचं नाव आज कुणालाच ठाऊक नाही. त्याचा एखादा फलक तरी लावावा, असं मी दोनदा सुचवलं. लोक हसले.

आता ज्यासाठी तुम्ही शल्यचिकित्सक इथे जमलात, त्या जठराच्या कर्करोगाशी याचं नातं काय? आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, जठराच्या खालच्या दाराला 'पायलोरस' म्हणतात, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ द्वारपाल. म्हणजे आमचा नाकेदारच की! २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात बिलरोथ यांनी गाठीसकट हाच नाका कापून काढला आणि उरलेलं जठर लहान आतड्याला जोडलं. ज्या बाईवर ही शस्त्रक्रिया झाली, ती त्या वेळी वाचली. चार महिन्यांनी दुखणं उलटलं आणि ती गेली. १८९७ मध्ये झुरिकला श्लाटर यांनी अख्खं जठर काढून दाखवलं. आज गाठ अगदी वरवरची असली तर कधी दुर्बिणीतूनच निघते. खालच्या भागात असली तर अर्धंअधिक जठर, वर चढली वा पसरली असली तर सगळंच, आणि भोवतालच्या लसिकाग्रंथीही. नाका गेला की अन्न एकदम आतड्यात उतरतं, घाम फुटतो, भोवळ येते, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायचं. करोडगिरी उठल्यावर आमच्या बाजारातही म्हणे असाच माल अंगावर आला होता. असो. बाकीचं तुम्ही जाणता.

उणिवा पुष्कळ आहेत. मुक्काम शाळेच्या वर्गांत आहे, फळ्यावरचे पाढे कृपया पुसू नयेत. गरम पाण्याचे बंब दोनच आहेत. मंडपाचं कापड पांढरं निघालं, त्यामुळे पडद्यावरची जठरं फिकी दिसतील. भाकरी ज्वारीची आहे. ठेचा वेगळ्या वाटीत ठेवलाय, तुमचा तुम्ही विचार करा.

मंडप देणारे, तूरडाळीचं पोतं देणारे आडते, पहाटे चारपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचतगटाच्या बाया, सतरंज्या झटकणारी पोरं, सगळ्यांचे आभार. एका देणगीदारांनी नाव घेऊ नका म्हणून बजावलंय, दुसऱ्यांनी घ्याच म्हणून. यादी मात्र घरी दुसऱ्या कोटाच्या खिशात राहिली. मुलगा मोटारसायकलवर गेलाय. तो आला की मी दोन मिनिटांसाठी पुन्हा उभा राहीन, तेवढी अध्यक्षांनी परवानगी द्यावी.