क्षमा आणि हिशेब



ख्रिस्ती माणूस म्हटला की लोकांना दुसरा गाल आठवतो. एका गालावर मारलं की दुसरा पुढे करणारी ही माणसं, अशी प्रेमळ थट्टा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या थट्टेत एक गैरसमज दडलेला आहे, आणि बाहेरच्यांपेक्षा तो आमच्याच मंडळ्यांत जास्त मुरला आहे. एका ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याचा अपराध केला तर क्षमा म्हणजे काय करायचं, आणि काय करायचं नाही, एवढाच आजचा विषय.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय घेऊ. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू? सात वेळा? येशू सांगतो, साताच्या सत्तरपट. हे उत्तर रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पण त्याच अध्यायात, थोडं आधी, येशूने रीतसर पद्धत घालून दिली आहे. भावाने अपराध केला तर एकट्याने जाऊन त्याला त्याचा दोष दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना साक्षीला ने. तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढे मांड. मंडळीलाही जुमानलं नाही तर तो तुला परका. या भागावर प्रवचन झालेलं तुम्ही कितीदा ऐकलं आहे?

त्यापुढे दृष्टान्त येतो, दहा हजार तालांतांच्या कर्जाचा. राजा ते कर्ज सोडतो, पण गोष्टीची सुरुवात होते ती राजा हिशेब घ्यायला बसतो तिथून. कर्ज माफ करायचं तर ते आधी वहीत मांडलेलं असावं लागतं. ज्याची नोंदच नाही ते कर्ज कोण माफ करणार? अपराधाचं तसंच आहे. ‘काही झालंच नाही’ असं म्हणणं म्हणजे वहीचं पान फाडणं, आणि फाटलेल्या पानावर माफीची सही होत नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो, दक्षिण आफ्रिकेचं. वर्णभेद लादणारे आणि सोसणारे, दोन्हीकडचे बहुसंख्य लोक ख्रिस्ती होते. तिथल्या गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडने 1857 मध्ये ठराव केला. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र उपासना करणं शास्त्राला धरून आहे हे त्यात मान्य केलं, पण काहींच्या ‘दुर्बलतेमुळे’ वेगळी उपासना चालवून घ्यायची मुभा दिली. 1881 मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळं चर्चच उभं राहिलं. सवलतीची प्रथा झाली, प्रथेचं धर्मशास्त्र झालं, आणि पुढे वर्णभेदी राजवटीला तेच धर्मशास्त्र उपयोगी पडलं.

नोव्हेंबर 1990. मंडेला तुरुंगातून सुटून वर्षही झालेलं नव्हतं. प्रिटोरियाच्या पश्चिमेला रुस्टेनबर्ग इथे देशभरातल्या चर्चांची परिषद भरली होती. स्टेलेनबॉशचे प्राध्यापक विली योंकर, डच रिफॉर्म्ड चर्चचे नावाजलेले धर्मशास्त्री, बोलायला उभे राहिले. वर्णभेदाच्या पापात आपला स्वतःचा वाटा आहे, आपल्या चर्चचाही आहे, अशी कबुली त्यांनी भर सभेत दिली. केपटाऊनचे आर्चबिशप डेस्मंड टुटू कार्यक्रमपत्रिकेत नसताना उठले. कबुली दिली गेली आहे, तेव्हा आम्ही क्षमा करतो, असं त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी डच रिफॉर्म्ड चर्चच्या प्रतिनिधींनीही योंकरांच्या कबुलीला दुजोरा दिला.

इतकं झाल्यावर सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या असतील, असं तुम्हाला वाटेल. पण काळ्या आणि मिश्रवर्णीय प्रतिनिधींपैकी काही जण नाराज झाले. आमच्या वतीने क्षमा करायचा अधिकार टुटूंना कुणी दिला, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. ज्यांची घरं पाडली, ज्यांची जमीन गेली, ज्यांची मुलं कोठडीत मेली, त्यांच्या नावे दुसऱ्याने माफी कशी द्यावी? मला वाटतं, या सवालात टुटूंचा अवमान नाही. क्षमा वकीलपत्रावर देता येत नाही, एवढंच तो सांगतो. परिषदेच्या अखेरच्या घोषणापत्रातही कबुलीच्या जोडीने भरपाईचा मुद्दा होता, त्यात जमीन परत करण्याचा विषयही आला.

भरपाई म्हटलं की काहींना वाटतं, हा व्यवहार झाला, इथे कृपा कुठे राहिली? त्यांनी जकातदार जक्कय आठवावा. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा ज्याला फसवलं त्याला चौपट देईन, असं तो आपणहून म्हणाला. फिलेमोनाला लिहिलेली पौलाची चिठ्ठी वाचा. अनेसिम हा दास तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं पौल लिहितो. फिलेमोनाने अनेसिमाला भाऊ म्हणून घरात घ्यावं अशी विनंती तर आहेच, पण देणं बुडवावं असं त्यात कुठेही नाही. कुणीतरी ते सोसायचं असतं.

पुढे 1996 पासून टुटूंच्याच अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोगाचं काम चाललं. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची पूर्ण हकीकत सांगितली तर कायदेशीर माफी मिळण्याची त्यात सोय होती. पश्चात्तापाची अट नव्हती. म्हणजे ती राज्याने दिलेली माफी होती. अंतःकरणातली क्षमा हा वेगळा प्रांत, आणि तो ज्याच्या त्याच्या हाती राहिला. पोलीस कोठडीतल्या मारामुळे 1977 मध्ये प्राण गेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने या माफीच्या कायद्यालाच घटना न्यायालयात आव्हान दिलं. ते हरले, पण बिको प्रकरणातल्या पोलिसांचे माफीचे अर्ज आयोगाने 1999 मध्ये फेटाळले. न्याय मागितला म्हणून बिको कुटुंबाला सूडबुद्धीचं कसं म्हणायचं?

आता आपल्याकडे येतो. पाळकसाहेबांच्या बैठकीच्या खोलीत मंडळीतली चारदोन वडीलधारी माणसं बसलेली असतात. नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली असते. चहा येतो. कुणीतरी म्हणतं, “ताई, घरातलं घरात राहू दे. प्रभूने आपल्याला क्षमा केली, तुम्हीही करा.” मग प्रार्थना होते, आमेन होतं आणि विषय संपतो. बाईसाठी तो संपलेला नसतो, कारण संध्याकाळी तिला त्याच घरी परत जायचं असतं. मंडळीच्या पैशांच्या गैरव्यवहारातही हेच होतं. तक्रार करणारा ‘क्षमा न करणारा’ ठरतो, आणि ज्याने खाल्लं तो पुढच्या रविवारी दान गोळा करत फिरतो.

इथे काही जण पौलाचं बोट धरतात. करिंथच्या मंडळीला त्याने कोर्टात भांडू नका असं बजावलं होतं ना? होतं. पण तिथली भांडणं रोजच्या व्यवहारातली होती, आणि निवाडा करणारा शहाणा माणूस तुमच्यात एकही नाही का, असं त्याने मंडळीलाच खडसावलं. निवाडा नकोच, असं तो म्हणाला नाही. रोमच्या मंडळीला लिहिताना तर वाईट करणाऱ्याला शासन करणं हे राज्यकर्त्यांचं काम आहे, असं त्याने स्पष्ट लिहिलं. मारहाण, अत्याचार, अफरातफर हे गुन्हे आहेत. पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या बाईने प्रभूची कुठलीच आज्ञा मोडलेली नसते.

मग क्षमा म्हणजे उरतं काय? उरतं ते सगळ्यात अवघड काम. सूड घ्यायचा हक्क सोडणं, समोरच्याचं वाटोळं व्हावं ही इच्छा मनातून काढणं, आणि तो परत फिरला तर त्याच्यासाठी दार आहे हे मनात पक्कं करणं. हे एका दिवसात होत नाही, म्हणूनच साताच्या सत्तरपट. पण विश्वास परत मिळवण्याचं काम अपराध्याचं, आणि समेटाला दोघं लागतात. दक्षिण आफ्रिकेतही हेच दिसलं. बेलहार या केपटाऊनच्या उपनगराच्या नावाने ओळखलं जाणारं एकतेचं आणि न्यायाचं विश्वासपत्र मिश्रवर्णीयांच्या चर्चने 1986 मध्ये स्वीकारलं. 1990 मध्ये क्षमा जाहीर होऊनही 2015 च्या सुमारास गोऱ्यांच्या चर्चमध्ये ते स्वीकारण्यावर मतदान झालं, तेव्हा हवं तेवढं बहुमत मिळालं नाही. क्षमा जाहीर झाली, समेट अडला.

म्हणून पाळकांना आणि वडीलधाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी कुणी तक्रार घेऊन आलं तर ‘क्षमा करा’ हे वाक्य त्या बैठकीत तुम्ही उच्चारू नका. क्षमेचा शब्द काढायचा अधिकार ज्याचं नुकसान झालं त्याचा. तुमचं काम दुसऱ्या टोकाला आहे. अपराध्याला समोर बसवा, काय झालं ते त्याच्या तोंडून वदवा, आणि भरपाई कधी करणार ते विचारा.