उपकरणे आली, त्यांच्या विजेचे काय?

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० साली झाली. त्या काळी एखाद्या गावी वीज पोहोचली म्हणजे चावडीपुढे दिवा लागे, दोन-चार विहिरींवर पंप बसत आणि पिठाची गिरणी तेलाचे इंजिन सोडून मोटारीवर चालू लागे. विजेची ही सारी गिऱ्हाइके मोठी सोशिक होती. दाब उतरला तर दिवा मिणमिणे, गिरणी कुरकुरे. दाब चढला तर फार तर एखादा दिवा जाई आणि तो आठवड्याच्या बाजारात मिळे. आज त्याच गावात पंचायतीच्या कार्यालयात संगणक आहे, शाळेत प्रोजेक्टर आहे, दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणारे यंत्र आहे आणि किराणा दुकानातला काटाही इलेक्ट्रॉनिक आहे. ही नवी गिऱ्हाइके नाजूक आहेत. त्यांच्या आतील सूक्ष्म मंडले पाच व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाबावर काम करतात. बाहेरच्या तारेतील २३० व्होल्ट आणि ही मंडले यांच्यामध्ये मुठीएवढा पॉवर सप्लाय तेवढा उभा असतो.

उपकरण जळाले की त्याची किंमत काढली जाते आणि हिशेब तेथेच थांबतो. परंतु ती किंमत हा नुकसानीचा लहानसा भाग होय. केंद्राचे ई-ग्रामस्वराज पोर्टल २०२० साली सुरू झाले. पंचायतीचे जमाखर्चाचे आणि नियोजनाचे काम आता संगणकावरच होते. तो संगणक आठवडाभर बंद राहिला की वाडीवरून दाखल्यासाठी आलेल्या मजुराचा रोज बुडतो, आणि एका हेलपाट्यात त्याचे काम क्वचितच होते.

आरोग्य केंद्रातील प्रश्न याहून गंभीर आहे. तेथील लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. त्यासाठी असलेले बर्फाच्या अस्तराचे शीतकपाट चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी आपली थंडी टिकवून धरते. म्हणजे वीज जाण्याची तयारी त्या कपाटाच्या रचनेतच आहे. वाईट वीज येण्याची तयारी मात्र त्यात नाही. म्हणूनच प्रत्येक शीतकपाटाला स्वतंत्र स्टॅबिलायझर असावा, असा लसीकरण कार्यक्रमाचा दंडक आहे. स्टॅबिलायझर बिघडला म्हणून कपाट ‘तात्पुरते’ थेट भिंतीतल्या प्लगला जोडणे म्हणजे काँप्रेसर आणि त्याबरोबर आतील सर्व लसी पणाला लावणे होय.

वीज नसणे आणि वाईट वीज असणे या दोहोंतील हा फरक सहसा ध्यानात घेतला जात नाही. गावात तक्रार होते ती वीज गेल्याची. उपकरणे मात्र बहुधा वीज असताना, किंवा गेलेली वीज परत येताना जळतात.

दाबाला मर्यादा घालणारे नियम जुनेच आहेत. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी लघुदाबाच्या पुरवठ्याला सहा टक्के कमी-अधिक एवढीच मोकळीक ठेवली होती. २३० व्होल्टला हे माप लावले तर दाब २१६ ते २४४ या दरम्यान राहिला पाहिजे. डीपीपासून दूर, तारेच्या टोकाला असलेल्या घरात तो संध्याकाळी याहून बराच खाली जातो. थेट स्टार्टरवर सुरू होणारी मोटार सुरुवातीच्या क्षणी नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, त्यामुळे शेजारच्या गिरणीचे बटण दाबताच शाळेतील पंखे मंदावतात. हा त्रास दिसतो, म्हणून त्यावर उपायही होतो. खरा घात करणारा दोष सहसा दिसत नाही. तो म्हणजे न्यूट्रल तुटणे.

गावात डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. कोणतीही फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट असतात, तर दोन फेजमध्ये ४००. घरांना एक फेज आणि न्यूट्रल दिलेला असतो. वाऱ्याने, गंजाने किंवा सैल जोडामुळे न्यूट्रल तुटला, तर वेगवेगळ्या फेजवरील घरे नकळत एकमेकांशी एका माळेत जोडली जातात आणि ४०० व्होल्टची वाटणी आपसात करून घेतात. ही वाटणी मोठी अन्यायकारक असते. एका घरात शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा आणि दुसऱ्यात हजार वॅटची शेगडी चालू आहे असे समजा. शेगडीवाल्या घराला जेमतेम ३६ व्होल्ट मिळतात आणि दिव्यावर ३६४ व्होल्ट येऊन पडतात. ज्या घरात वापर कमी, तेथे दाब जास्त. रात्री कार्यालयाला कुलूप असते, प्लगमध्ये फक्त संगणक आणि मोडेम राहिलेला असतो. नेमके तेच बळी पडतात. नेहमीचा एमसीबी याला अडवीत नाही, कारण तो प्रवाह पाहतो, दाब पाहत नाही. काही दिवे एकाएकी प्रखर आणि काही मंद झाले की प्रथम मेन स्विच खाली ओढावा, मग वायरमनला बोलवावे. दाब ठरावीक मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारा आणि दाब सुधारल्यावर थोड्या विलंबाने तो पुन्हा जोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर मीटरच्या पुढे बसविणे हा यावरचा उत्तम उपाय होय.

न्यूट्रल मिळत नाही म्हणून अर्थिंगची तार न्यूट्रलच्या जागी जोडून दिवे लावण्याची जी रीत काही वस्त्यांत व शेतांवर दिसते, ती मात्र केवळ उपकरणांचा प्रश्न नव्हे. तेथे परतीचा सारा प्रवाह जमिनीतून जातो. ओल्या जमिनीवर उभे असलेले जनावर आणि अनवाणी माणूस या दोघांच्याही ती जिवावर बेतते.

खुद्द अर्थिंगची स्थिती काय आहे? इमारत बांधताना खड्डा खणलेला असतो, त्यानंतर त्याकडे कोणी पाहिलेले नसते. भारतीय मानक ३०४३ नुसार अर्थिंगची नळी किमान अडीच मीटर लांब हवी. दख्खनच्या पठारावर हात-दीड हातावर काळा खडक लागतो, म्हणून नळी कापून आखूड केली जाते किंवा खड्डा मुरमातच संपतो. कोरडा खडक वीज वाहून नेत नाही. सोय असेल तेथे जागा बदलून विहिरीच्या किंवा पाणथळ बाजूस नळी घालावी, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतण्याचे काम शिपायाला नेमून द्यावे. वर्षातून एकदा अर्थ टेस्टरने मोजणी करवून आकडा नोंदवहीत लिहावा. तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन इतर दोहोंपेक्षा लांब असते, ती आधी अर्थ जोडला जावा म्हणून. ती पिन तोडून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून काम भागवले, की खड्डा कितीही चांगला असला तरी व्यर्थच.

बाजारात मिळणाऱ्या साधनांविषयी बराच गैरसमज आहे. स्टॅबिलायझर सावकाश चढणाऱ्या-उतरणाऱ्या दाबाला आवर घालतो. विजेचा क्षणार्धाचा तडाखा येतो तेव्हा तो जागा होण्याआधीच सर्व काही घडून गेलेले असते. तो तडाखा झेलायला स्पाइक गार्ड असतो. पण तो जादा दाब मुख्यतः अर्थच्या तारेत वळवतो, म्हणून अर्थ नसेल तर त्याचे काम अर्धवटच राहते. शिवाय असे तडाखे खाऊन त्यातील घटक झिजतो. स्वस्तातील कित्येक स्पाइक गार्ड हे तर केवळ एक्स्टेन्शन बोर्ड असतात, नाव तेवढे मोठे. यूपीएसचे काम निराळे: वीज गेल्यावर हातातले काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यास वेळ देणे. त्यावर दिवसभर कार्यालय चालवण्याची अपेक्षा ठेवू नये आणि लेझर प्रिंटर तर त्याला मुळीच जोडू नये. प्रिंटरमधील तापणारा रूळ एकाएकी इतका प्रवाह ओढतो की छोटा यूपीएस कोलमडतो. यूपीएसच्या बॅटरीला उन्हाचे वावडे असते. तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते. विदर्भातील पत्र्याच्या खोलीत ती लवकर दगावते ती यामुळेच. बसविल्याची तारीख बॅटरीवर लिहून ठेवली तर दोष कोणाचा याविषयी वाद उरत नाही.

मृगाच्या आगेमागे आकाशातील विजेचा धोका असतो. जवळपास पडलेल्या विजेला कोणताही घरगुती स्पाइक गार्ड पुरा पडत नाही. ढग गडगडण्यापूर्वी प्लग काढणे हाच खरा उपाय, आणि त्याबरोबर तांब्याच्या तारेची जी जी जोडणी असेल, मग ती टेलिफोनची असो की डिशची, तीही काढली पाहिजे. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र या तारांना हात लावू नये. ऑप्टिकल फायबर काचेचा असल्याने त्यातून वीज येत नाही. त्याच्या पेटीला लागणारा अडॅप्टर मात्र भिंतीलाच जोडलेला असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. मुख्याध्यापकांनी आणि ग्रामसेवकांनी ते आपल्या फोनवर ठेवावे.

मीटरच्या पुढील वायरिंग आणि अर्थिंग ही ज्याची त्याची जबाबदारी. खरेदीच्या अंदाजपत्रकात संगणकाच्या वर अर्थिंगची ओळ असावी, ती यासाठी. मीटरच्या अलीकडे, म्हणजे तारेच्या बाजूस, दोष असेल तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. तेवढ्याने काम झाले नाही तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४२ अन्वये ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येते. तेथे ‘आमच्याकडे दाब कमी असतो’ एवढे सांगून भागत नाही. साध्या मल्टीमीटरने रोज ठरावीक वेळी दाब मोजून महिनाभर तारीख, वेळ आणि व्होल्ट वहीत लिहावेत, आणि त्या वहीची प्रत अर्जाला जोडावी.