डिरेक्टरीत साइट टाकण्याआधी पाच मिनिटं

"पाचशे डिरेक्टऱ्यांत तुमची साइट टाकून देतो" असे मेसेज तुम्हालाही येत असतील. मी म्हणेन, पाचशे सोडा, पाच धड निवडा.

एके काळी याहू आणि डीमॉझच्या डिरेक्टरीत माणसं स्वतः साइट तपासून घ्यायची. याहूची २०१४ मध्ये बंद झाली, डीमॉझ २०१७ मध्ये. पण कसोटी आजही तीच: आत काय येतंय ते कुणी बघतं का?

मी आधी एक विभाग उघडतो. केटरिंगच्या यादीत कॅसिनो आणि कर्जाच्या लिंका दिसल्या, की तिथूनच राम राम. मग चार-पाच लिंका दाबून बघतो. निम्म्या बंद निघाल्या, तर घराला राखणदार नाही. मग गूगलवर इंग्रजीत 'साइट', कोलन आणि लगेच डिरेक्टरीचा पत्ता टाकतो. एकही पान येत नसेल, तर गूगलच तिला विचारत नाही. आपण कशाला विचारायचं?

पैसे घेऊन रँकिंग वाढवून देणाऱ्यांपासून तर लांबच राहा. रँकिंगसाठी लिंक विकत घेणं गूगलच्या नियमांत स्पॅम आहे.

शेवटचा प्रश्न: गूगल नसतं, तरी इथून एखादं गिऱ्हाईक आलं असतं का? उत्तर 'हो' असेल, तरच फॉर्म भरा.